संपर्क तुटला आहे

भाषांतराच्या त्या कचेरीत त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणत. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या, त्यातली मधली त्यांची. 'केलं', 'गेलं', 'येतंय' असं बोलण्यातलं काही कागदावर दिसलं, की लाल पेनाने डोक्यावरचा ठिपका खोडून ते 'केले', 'गेले', 'येत आहे' करून टाकत. एकदा औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरातल्या एका ठिपक्यासाठी त्यांनी सबंध काम दोन दिवस अडवून धरलं, आणि हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

मिक्सरपासून लिफ्टपर्यंत कशाकशावरच्या सूचना त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. घरात मिक्सर अडला तर मात्र ते बायकोला हाक मारत. विमानात तर ते जन्मात बसले नव्हते. तरीही एका विमान कंपनीच्या इंटरनेटची एकसष्ट वाक्यं त्यांचीच होती. प्रवाशाने मोबाइलवर ते पान उघडायचं, आपली भाषा निवडायची, की पुढची सगळी वाक्यं यांची. वर्षभरात एकही तक्रार आली नव्हती, आणि हे ते चहाच्या वेळी अधूनमधून सर्वांच्या कानावर घालत.

त्यांची ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर असे, त्यामुळे यांना अक्षरओळख ताईनेच करून दिली, वेळप्रसंगी कान पिळून. शाळेला निघताना हे 'जातो' म्हणाले की ती दप्तर धरून ठेवायची आणि 'जाऊन येतो' म्हटल्याशिवाय सोडायची नाही. भाऊ शब्दांवर पोट भरतो याचं तिला कोण कौतुक. जो भेटेल त्याला ती सांगे, मुळाक्षरं माझी, पगार त्याचा.

ताईची मुलगी समुद्रापलीकडे दिलेली. तिच्या बाळंतपणासाठी ताई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, आणि आईला करमावं म्हणून लेकीने तिकिटासोबत नेटचंही बघितलं. मग काय, वर गेल्यापासून ताईचे मेसेज सुरू. इकडे अनुस्वार कामधंदा सोडून फोनला चिकटले. ढग वरून कसे दिसतात, त्यांनी विचारलं. खालून दिसतात तसेच, फक्त उलटे, असं उत्तर आलं. तुझा मेसेज आधी खाली येतो की आधी आणखी वर जातो, असं विचारलं, तर तिने कळवलं की तिला काय ठाऊक, जेवण आलंय. जेवणानंतर मेसेज थांबले. झोपली असेल, असं म्हणून हे कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. झालं होतं असं, की जेवण संपतंय तोच मोबाइलवर पाटी आली: संपर्क तुटला आहे. ताईने ती दोनदा वाचली. शेजारच्या आजोबांना दाखवली. त्यांनीही दोनदा वाचली आणि मागच्या रांगेला सांगितली. ताईने देवाचं नाव घेतलं, सीटखालचं लाइफ जॅकेट काढलं, अंगात घातलं आणि दोरी ओढून फुगवलंसुद्धा. हवाई सुंदरी धावत आली, फक्त नेट गेलंय, हे तिने नीट समजावलं, पण तोवर अर्धं विमान मान वळवून बघत होतं. फुगलेलं जॅकेट डोक्यातून निघेना, ते दोघींनी मिळून ओढून काढलं. पुढे काही मिनिटांत नेट आलं, पण ताईने लाजेने फोनला हात लावला नाही.

"अरे, विमानाचा संपर्क तुटला म्हणजे काय होतं ते आपण बातम्यांत ऐकलंय ना?" ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी समुद्रात शोधत असतात. असलं कोण गाढव लिहितं रे?"

"असेल कुणीतरी," अनुस्वार म्हणाले.

यावर ताईने निकाल दिला, की आता ती विमानात पाय ठेवणार नाही. बोट असेल तर बोटीने येईल, नाहीतर तिथेच मरेल. तिथे राहायची परवानगी तीन महिन्यांची होती आणि बोट काही नव्हती.

फोन ठेवल्यावर त्यांना खरोखर शरम वाटली. जिने हात धरून लिहायला शिकवलं, तिचंच चारचौघांत हसं आपल्या वाक्याने केलं होतं. खरं सांगायला जीभ रेटली नव्हती, आणि आता दर दिवसागणिक ते जड जाणार होतं.

त्यांनी कचेरीच्या मालकीणबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी फाइल उघडून मूळ वाक्य पाहिलं, भाषांतर पाहिलं आणि विचारलं, "यात चूक कुठे आहे?"

"चूक नाहीच. तीच तर पंचाईत आहे."

नवं वाक्य वीस अक्षरांच्या आत बसायला हवं होतं. पहिल्या खेपेला त्यांनी लिहिलं, 'घाबरू नका, विमान ठीक आहे'. बाई म्हणाल्या, विमान ठीक आहे असं मी न विचारता कुणी सांगितलं, तर मी आधी खिडकीबाहेर बघेन. ते कागदावर अठरा वाक्यं लिहून खोडत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की तिकडे नेमकं काय होतं हेच आपल्याला माहीत नाही. एकसष्ट वाक्यं लिहिली आणि एकदाही विचारलं नाही.

बाईंनी विमान कंपनीतल्या इंजिनिअर मुलीशी गाठ घालून दिली. पंधरा मिनिटांचं बोलणं दीड तास चाललं. विमानाच्या पाठीवर टेंगळासारखा एक फुगवटा असतो, त्यात अँटेना, ती वरच्या उपग्रहाकडे तोंड करून असते, हे कळल्यावर त्यांनी लगेच चित्र काढलं. तो उपग्रह मागे पडला, की अँटेना तोंड वळवून पुढचा शोधते. मधल्या वेळात कोण असतं, त्यांनी विचारलं. कुणीच नाही, मुलगी म्हणाली, कधी पाच मिनिटं, कधी वीस. आणि वैमानिक? त्यांचा रेडिओ वेगळा, त्याला या कशाचा पत्ताही नसतो. अनुस्वारांना इतकं बरं वाटलं, जणू तेच विमानात बसले होते.

पण वाक्य काही सुचेना. रविवारी ते कागद पुढ्यात घेऊन बसले होते, तेवढ्यात बायकोने पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, "जरा जाऊन येते."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग लिहिलं: 'नेट जरा जाऊन येत आहे'. मोठ्याने वाचलं. दारात उभं राहून असं कुणी बोलत नाही. त्यांनी लाल पेन घेतलं, 'येत आहे' खोडलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तो ठिपका दिला. नेट जरा जाऊन येतंय. सोमवारी टायपिस्टने ते वाचून विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत ना? बाई मात्र ते पुढे पाठवून मोकळ्या झाल्या.

आता ताई. त्यांनी फोनवर तिला टेंगूळ, अँटेना, उपग्रह सगळं सांगितलं, वैमानिकाचा रेडिओ तर तीनदा सांगितला. एवढं कुठून कळलं, तिने विचारलं. कामानिमित्त, ते म्हणाले. अखेर लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून ती कबूल झाली, पण एका अटीवर: भावाने सबंध वेळ फोनवर हजर राहायचं. आणि ती पाटी पुन्हा दिसली, तर विमान खाली उतरवायला लावीन, असंही तिने बजावलं.

नवं वाक्य महिन्याच्या सुरुवातीला विमानांत भरायचं होतं. ताई चार तारखेला निघणार होती. तिच्या विमानात ते भरलं का, असं त्यांनी विचारलं, तर इंजिनिअर मुलगी म्हणाली की बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द आपण कितीदा बिनदिक्कत वापरला आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं.

त्या दिवशी त्यांनी रजा घेतली नाही, फक्त काम केलं नाही. नातीला जावळ किती, विमानात पोळीसारखं काहीतरी मिळालं पण पोळी नव्हे, असे मेसेज येत होते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेसेज थांबले. त्यांनी 'ताई?' असं लिहिलं. गेलं नाही. टायपिस्टने चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. बाई दोनदा डोकावून गेल्या. जॅकेट, आजोबा, अर्धं विमान, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. सतरा मिनिटं झाली.

मग फोन वाजला. ताईचा मेसेज होता.

"आलं बघ नेट, जाऊन."

लगेच दुसरा. "'जाऊन येतंय'. हे तुला दप्तर धरून मी शिकवलंय."

त्यांनी काही लिहायच्या आत तिसरा आला. "म्हणजे ते आधीचंही तूच."

मग त्यांनी लिहिलं, "हो."

या खेपेला नेट चालू होतं आणि तरीही काही येत नव्हतं. त्यांनी सायीसकट चहा पिऊन टाकला.

"उतरले की बघते त्या गाढवाकडे," ताईने लिहिलं. "आता जरा झोपते."