दोन सूप, एक टोस्ट

युनिव्हर्सिटीच्या कॅफेटेरियात मी दुपारी काम करायचे, तेव्हा काउंटरवर माझ्या शेजारी एक वयस्कर बाई असायची. तरुणपणी तिने सोल या अमेरिकन संगीतप्रकारातल्या गाण्यांच्या दोन रेकॉर्ड्स काढल्या होत्या. त्या फारशा कुणी ऐकल्या नव्हत्या. कामावर ती कधी गायली नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत ऑर्डर सांगताना शेवटचा शब्द असा लांबवायची, की रांगेतली मुलं बोलायची थांबत.

माझा आवाज आतपर्यंत पोचायचाच नाही.

"पोटातून बोल, बेबी," ती म्हणायची. "आतला कुक मनकवडा नाहीये."

त्या हिवाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने ती गळ्याला स्कार्फ गुंडाळून परत आली. पहिली ऑर्डर आली तशी सवयीने खिडकीकडे वळली, छाती भरून श्वास घेतला, आणि नुसती हवा बाहेर आली.

"काय? काही ऐकू नाही आलं!" आतून कुक ओरडला.

तिने चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

"दोन सूप, एक टोस्ट!" इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते.

तिने नकारार्थी मान हलवली. माझ्या पोटावर दोन बोटं टेकवली.

मी पुन्हा ओरडले. शेवटचा शब्द मात्र मला तिच्यासारखा लांबवता आला नाही.