दोन्हीवर आकडा एकच होता

गुलमंडीच्या एका गल्लीत माझं लग्नाचे अल्बम बनवायचं दुकान आहे. फोटोग्राफर फोटो आणून देतात, आम्ही त्यांची पानं लावतो, रंग सुधारतो आणि छपाईच्या फायली तयार करतो. दुकानात दोन कॉम्प्युटर. भिंतीकडचा जुना, दाराकडचा नवा. दोन्ही क्रांती चौकातल्या एकाच दुकानातून घेतलेले आणि दोन्ही आपापल्या वेळचे सगळ्यात स्वस्तातले.

नवा घेतला तेव्हा त्याच्या प्रोसेसरच्या डब्यावर वेग ३.३ गिगाहर्ट्झ असं लिहिलेलं होतं. दुकानात येऊन जुना चालू करून त्याची माहिती बघितली, तर तिथंही ३.३. मला जरा फसवल्यासारखंच वाटलं. इतक्या वर्षांनी तोच आकडा? विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, आकड्यावर नका जाऊ, वापरून बघा." मी ते दुकानदाराचं बोलणं म्हणून सोडून दिलं. वर जुन्यात नवी मेमरी आणि नवी डिस्क टाकून घेतली आणि दुकानात जाहीर केलं, "आता दोन्ही मशीन सारखी झाली. कुणी कुरकुर करायची नाही."

जुन्यावर ताई बसायच्या. वयानं माझ्याहून लहान, पण मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला दादा. नऊ वर्षं रोज चितेगावहून यायच्या. फोटोतली माणसं त्या अशी ओळखायच्या, की जणू त्या लग्नात स्वतः जेवून आल्यात. नवरीची आत्या कोण, मामा कोण, कुणाचा फोटो राहिला तर घरात तोंडं फुगतील, हे त्यांना न सांगता कळायचं. त्यांच्या अल्बमबद्दल कधी तक्रार आली नाही. तक्रार यायची ती उशिराची.

नव्यावर बावीस वर्षांची एक मुलगी ठेवली. कोर्स करून आलेली, हात चलाख. पानं कशी लावायची हे तिला ताईंनीच शिकवलं. दोन महिन्यांत ती दिवसाला पाच अल्बम काढायला लागली. ताई दोनच.

मी रोज ते बघत होतो. दोघींना काम सारखंच होतं, आणि माझ्या हिशोबानं मशीनही. मग उरतं कोण? माणूस. एकदा मी म्हणालोसुद्धा, "ताई, ती पोर बघा. तुमच्या निम्मं वय, आणि तुमच्या दुपटीनं काम."

त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या, "मशीन लई अडतं दादा."

"मशीन सारखीच आहेत ताई."

पडद्यावर ‘थांबा’ सांगणारं ते छोटं चाक फिरत होतं आणि त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मला तेव्हा ते बसणंच दिसलं. चाक दिसलं नाही.

लग्नसराई तोंडावर आली तशी मी त्यांना सांगितलं, की आता तुम्ही काउंटर बघा, लॅमिनेशन बघा, अल्बमचं मी बघतो. त्यांनी मान हलवली. पंधरा दिवस काउंटरवर उभ्या राहिल्या, जुनं मशीन तोवर बंदच होतं. सोळाव्या दिवशी शटरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "येते मी." मी थांबा म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी मी जुन्या मशीनवर बसलो. कित्येक वर्षांत मी स्वतः अल्बम केला नव्हता, मी गिऱ्हाईक सांभाळायचो. फाईल उघडायला टाकली आणि बसलो. चाक फिरायला लागलं. मी गल्लीत जाऊन चहा सांगून आलो तरी चाक फिरतच होतं. एका फोटोचा रंग थोडा उजळ केला, पुन्हा चाक. फोटो या पानावरून त्या पानावर ओढला, पुन्हा चाक. तासाभरात माझी तीन पानं झाली आणि कपाळ ठणकायला लागलं.

मला वाटलं व्हायरस असणार. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं डबा उघडला, धूळ झाडली, पंखा बघितला आणि पुन्हा बंद केला.

"काही बिघाड नाही सर. हे असंच चालतं."

"असं कसं चालेल? ते शेजारचं बघा ना. दोन्ही तीन पॉइंट तीन आहेत."

तो हसला. "आकडा एकच आहे, पण काम एक नाही सर. असं समजा, दोघांची पावलं सेकंदाला सारखीच पडतात. पण एकाचं पाऊल वीतभर, दुसऱ्याचं हातभर. वरून याच्यात काम करणारे दोघं आहेत, त्याच्यात चौघं."

माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, समोर करून दाखव. त्यानं एकाच अल्बमची चाळीस पानं दोन्हीवर घेतली आणि छपाईच्या फायली बनवायला एकदमच टाकली. मी मोबाइलवर वेळ लावला. नव्याचं बारा मिनिटांत संपलं. जुन्यावर तेव्हा दहावं पान चालू होतं. आम्ही बसून राहिलो. दुरुस्तीवाला कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. जुन्याचं शेवटचं पान झालं तेव्हा पन्नास मिनिटं उलटली होती.

मी मोबाइल हातात धरून तसाच बसलो. बारा आणि पन्नास. मी पाच आणि दोन मोजत बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर हे बारा आणि पन्नास रोज चाललं होतं.

ती मुलगी मागं उभी राहून बघत होती. मी तिला म्हणालो, "उद्या एक दिवस तू इथं बस." का म्हणालो ते मलाही नीट कळलं नव्हतं. कदाचित अजून माझी आशा होती, की ती जुन्यावरही चार काढेल आणि मी थोडातरी खरा ठरेन.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी बसली ती डबा खायलासुद्धा उठली नाही. संध्याकाळी तिचा दीड अल्बम झाला होता. डोळे लाल झाले होते. म्हणाली, "सर, ताई यावर दोन करायच्या? रोज?"

मी हो म्हणालो.

"कशा काय?"

तेवढ्यात शेजारचे कापडवाले चाचा दुकान आवरता आवरता आमचं बोलणं ऐकून आत आले. ताईंना ते बाजी म्हणायचे. म्हणाले, "अरे वो बाजी तो तुम्हारे से घंटाभर पहले आके बैठती थी. शटर आधा उठाके मशीन चालू करती, फायलां खोलके रखती. मैं बोला कायको इत्ते जल्दी? बोली, इसको गरम होने कू टाइम लगता."

मी साडेदहाला यायचो. मी आलो की ताई कामालाच बसलेल्या असायच्या. नऊ वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नव्हता, की त्या येतात कधी. म्हणजे या मशीनवर, चलाख हातांच्या पोरीपेक्षा त्या जास्त काम काढत होत्या, आणि त्यासाठी रोज स्वतःचा एक तास घालत होत्या. आणि मी त्यांना हळू म्हणालो होतो. त्या पोरीसमोर.

रविवारी मी गाडी काढली आणि पैठण रोडनं चितेगावला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली स्वच्छ पुसलेली फरशी. ताईंनी दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि आत या म्हणाल्या. पाणी दिलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, बारा आणि पन्नास, दीड अल्बम, चाचांचं बोलणं. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांना यातलं काहीच नवं नव्हतं.

"ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तीनदा."

"कधी?"

"नवं मशीन आलं त्याच आठवड्यात म्हणले, दादा, मला एक दिवस त्याच्यावर बसू द्या. तुम्ही म्हणले, पोरीची सवय मोडंल. मग दिवाळीच्या आधी म्हणले. तवा तुम्ही फोनवर व्हते, हातानंच नको केलं. तिसऱ्या बारीला तर म्हणलेच ना, लई अडतं."

तिसरं मला आठवत होतं. पहिली दोन आठवेनात. मी खरंच डोकं खाजवत बसलो, पण त्या जागी काहीच नव्हतं. जी गोष्ट त्यांनी शब्दन् शब्द जपून ठेवली होती, ती माझ्या कानावरून नुसती वाऱ्यासारखी गेली होती. त्या बारा-पन्नासपेक्षा मला याचा जास्त धक्का बसला.

मी म्हणालो, "परत या. नवं मशीन घेतो. तुमच्यासाठीच घेतो."

त्या चितेगावातल्याच एका कंपनीत पॅकिंगला लागल्या होत्या. म्हणाल्या, "नाय दादा. तिथं बरं हाय."

"पॅकिंगमध्ये? तुमच्या हातात एवढी कला असताना?"

"तिथं मशीन अडलं ना, तर सगळे मशीनकडं बघतात. मिस्त्रीला बोलावतात. आमच्याकडं कुणी बघत नाय."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. चहा गाळता गाळता बोलल्या. निघताना दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीला तेवढं जुन्यावर बसवू नका."

त्याच महिन्यात मी जुना काढून टाकला आणि त्या जागी नवा आणला. त्यावर आता मीच बसतो. पण एक गोष्ट राहिली होती. लग्नसराईत उशीर झाला की मी फोटोग्राफर लोकांना सरळ सांगायचो, "काय करू, आमच्या ताई हळू आहेत." किती जणांना सांगितलं होतं याची गणतीच नव्हती. म्हणून एका दुपारी मी एकेकाला फोन लावायला बसलो. चूक माझी होती, मशीन जुनं होतं, ताईंचा हात चांगला आहे, असं प्रत्येकाला सांगायचं ठरवलं होतं.

बहुतेकांना काही देणंघेणं नव्हतं. बरं बरं म्हणाले, अल्बम कधी देता विचारलं. पाचवा की सहावा फोन होता. या फोटोग्राफरचा स्वतःचा स्टुडिओ आहे, तिथं नवी मशीन आहेत आणि त्याला कायम माणसं लागतात.

"अहो, मग आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "त्या बाई माझ्याकडं आल्या होत्या काम मागायला. तुमचं सोडल्यावर, त्याच आठवड्यात. मी नाही म्हणालो."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच नव्हतं का सांगितलं, हळू आहेत म्हणून."

मी फोन ठेवला. दाराकडून त्या मुलीनं विचारलं, "काय झालं सर?" मी पुढचा नंबर शोधायला घेतला. चितेगावला मी तासभर त्यांच्या समोर बसलो होतो आणि ताईंनी यातला एक शब्दही मला सांगितला नव्हता.