उकळत्या जिगरमधला नानांचा हात

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी, आणि याचा मला गर्व आहे, तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. अंगात येणं, भूत लागणं, पिंपळाखालून जाताना थुंकणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायची. आता तुमच्या या सदरात लोकांचे अनुभव वाचते, तेव्हा निम्म्या ठिकाणी मला कारण सापडतं. माझ्या स्वतःच्या अनुभवाचं मात्र सापडलेलं नाही.

आम्ही ख्रिस्ती. म्हणजे जन्माने नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी कुणी ना कुणी उठून साक्ष देतं, देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं. ही गोष्ट मी तिथे आजवर सांगितलेली नाही. साक्षीचा शेवट गोड असावा लागतो.

आमचं घर सुरतेत, उधन्यात होतं. गल्ली सगळी खानदेशी. शिंदखेड्याकडचे, दोंडाईच्याचे, अमळनेरचे. बाहेर गुजराती-हिंदी, घरात अहिराणी. माझे वडील, नाना, पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये जिगर मशीनवर होते. जिगर म्हणजे कापड रंगवायची उघडी लोखंडी कुंडी. खालून स्टीम, आत उकळता रंग, आणि वरच्या दोन रोलरांवरून कापड त्या रंगातून इकडून तिकडे फिरत राहतं. मी पास झाल्यावर त्याच युनिटच्या लॅबमध्ये शेड मॅचिंगला, म्हणजे रंगाची छटा जुळवायच्या कामाला लागले. बाप खाली मशीनवर, मुलगी वर लॅबमध्ये पांढऱ्या कोटात. नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ती काच दिसते ना वर? तिथे माझी पोर बसते."

आणि हेच नाना घरी मायला मारायचे.

दारू पिऊन नाही. हे सांगितलं की लोकांना पटत नाही. नानांनी कधी थेंब घेतला नाही. राग यायचा आणि उजवा हात सुटायचा, बस. भाजीत मीठ, दाराला कडी, एखादा शब्द, कारण काहीही चालायचं. मग तासाभराने ओट्यावर डोकं धरून बसायचे.

चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली होती, तेव्हा आम्हीही गावी पळालो होतो. परत आल्यावर नानांच्या खात्यातला भिकन, त्यांच्या मशीनवरचा जोडीदार, त्यांना प्रार्थनेला घेऊन गेला. एका खोलीत भरणारी छोटी मंडळी. शमुवेल पास्टर नवापूरकडचे, सायकलवर फिरणारे, आवाज बारीक. नाना तिथे पहिल्याच दिवशी हुंदके देऊन रडले. पुढे आम्ही सगळेच जायला लागलो. तांदळासाठी बाटले म्हणून गल्लीत चेष्टा व्हायचीच. "काय नाना, तांदळाची गोणी किती किलोची मिळाली?" नाना हसून सोडून द्यायचे. काही महिने त्यांचा हात उठला नाही. माय तेव्हा स्वयंपाक करताना गुणगुणायची, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

मग एके दिवशी उठला.

तेव्हापासून नानांनी स्वतःलाच कायदे लावायला सुरुवात केली. मारलं की दोन दिवस उपास. शिवी तोंडातून गेली की खडीवर गुडघे टेकून प्रार्थना. पास्टर घरी येऊन समजवायचे, "नाना, ही फेड तुमच्याकडून होणारी नाही. ती झालेली आहे. देव तुमच्याकडे दंड मागत नाही."

"फुकट?" नाना विचारायचे.

"फुकट."

"मग माझ्या लक्षात कसं राहील?"

नानांचं डोकं गावच्या पंचांच्या हिशोबाने चालायचं. गुन्हा, दंड, गावजेवण, विषय संपला. त्यांच्या आजोबांवर म्हणे कधीकाळी चोरीचा आळ आला होता. पंचांनी कढईत तेल उकळायला ठेवलं, त्यात कडं टाकलं, ते हाताने काढायला लावलं. हात जळाला नाही, आळ गेला. नाना ही गोष्ट इतक्या अभिमानाने सांगायचे, की कढई त्यांनी स्वतः पाहिली असावी असं वाटायचं. मी म्हणायची, "नाना, तेल गरम झालंच नसेल." त्यावर ते चिडायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एका शनिवारी नानांनी मायच्या कानशिलात दिली. डाव्या. कानातून रक्त आलं. दवाखान्यात सांगितलं, पडदा फाटलाय, या कानाने आता फारसं ऐकू येणार नाही. कसं झालं विचारल्यावर माय म्हणाली, मोरीत पडले.

रविवारी माय घरी झोपून होती. नाना मंडळीत गेले, मी सोबत. प्रार्थना संपल्यावर त्यांनी पास्टरांना बाजूला घेतलं. जो हात पाप करायला लावतो तो तोडून टाकावा असं शास्त्रात आहे ना, ते खरं का?

पास्टर घाबरले. "नाना, त्याचा अर्थ तसा नाही. हात तोडला तरी राग जाईल का? तो हातात थोडाच राहतो?"

"लिहिलं आहे की नाही, तेवढं सांगा."

"लिहिलं आहे, पण..."

"बस," नाना म्हणाले.

मला वाटलं, पुन्हा उपास करतील.

सोमवारी आमची दिवसपाळी होती. जिगरवर गडद तांबडी, मरून शेड चालू होती. बाथचं, म्हणजे कुंडीतल्या रंगाचं, सॅम्पल घ्यायला मी खाली गेले. हे काम हेल्परचं, पण त्या लॉटला शेड लागत नव्हती म्हणून मी स्वतः गेले. थर्मामीटर बुडवला, अठ्ठ्याण्णव सेल्सिअस. बुडबुडे येत होते, वाफेने माझा चष्मा भरला. मी चष्मा पुसत होते तेव्हा नाना पलीकडे उभे होते. उजवी बाही त्यांनी खांद्यापर्यंत दुमडली होती. मला वाटलं, उकडतंय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

मी ओरडले. मशीनला वळसा घालून धावले. मध्ये रिकाम्या ट्रॉलीला धडकले, तिला ढकललं, आणि तोवर नाना तसेच उभे. तोंडावर वेदना नाही. एखाद्याने हौदात पडलेली वस्तू चाचपडावी तसा चेहरा. भिकनने मागून कमरेला मिठी मारून त्यांना ओढलं. हात बाहेर आला, त्यावरून रंग ओघळला, आणि ओरडला तो भिकन. त्याच्या मनगटावर आणि पायावर ते पाणी पडलं होतं. तिथे आमच्या डोळ्यांदेखत फोड उठले.

नानांचा हात कोपरापर्यंत मरून झाला होता. एवढंच.

सुपरवायझर धावत आला, "अरे काका, आ शूं कर्युं!" त्याने हात धरला आणि लगेच सोडून दिला, चटका बसला म्हणून नाही. मग मी धरला. तो हात थंड होता. माठाला हात लावल्यासारखा. कातडी सैल नाही, लाल नाही, केससुद्धा जागच्या जागी. नाना बोटं उघडमीट करून बघत होते.

"दख पोरी," ते म्हणाले, "जयना नही. जरासा बी जयना नही." जळाला नाही, जरासुद्धा.

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदाने. तसं नसावं. पुढचं सांगितल्यावर तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांनी भिकनला मलम लावलं, पट्टी केली. नानांचा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, पाणी कोमट असेल. मी म्हणाले, मग याचे फोड कसले? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारलंय. थर्मामीटर बिघडला होता? मी त्याच दिवशी दुसऱ्याशी ताडून पाहिला, ठीक होता. ओल्या हाताभोवती वाफेचा थर तयार होतो म्हणतात. तो तापलेल्या धातूवर, तेही क्षणभर, उकळत्या पाण्यात नाही. हाताला काही चोळलं होतं? मग रंग कसा चढला? तो रंग हळूहळू फिका होत गेला, जसा साध्या हातावरून जातो तसाच. हात मात्र भाजला नाही. मी केमिस्ट्रीवाली, मी जागेवर होते, आणि मला सांगता येत नाही.

गल्लीत संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला. तांदळाच्या गोणीवरून चेष्टा करणारे हात बघायला येऊ लागले. बायका लेकरं घेऊन आल्या, नानांनी डोक्यावर हात ठेवावा म्हणून. मंडळीत सगळे म्हणाले, नाना, साक्ष द्या. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "निकाल लागला. मी मोकळा झालो." लोकांनी "हालेलुया" म्हटलं. पास्टर एकटे नानांच्या हाताकडे बघत राहिले.

त्यांना तेव्हाच कळलं असावं. आम्हाला कळायला काही दिवस गेले.

नानांचे उपास बंद झाले. गुडघे टेकणं बंद. ओट्यावर डोकं धरून बसणंही बंद. गावच्या हिशोबाने उकळत्यातून हात शाबूत निघाला म्हणजे माणूस निर्दोष. आणि नाना निर्दोष म्हटल्यावर मग दोष कुणाचा? शेजारची यशोदाकाकू मायला तोंडावर म्हणाली, "देवानेच दाखवून दिलं ना माय. तुझंच कुठे तरी चुकत असेल, बघ." ती वाईट बाई नव्हती. ती मनापासून समजूत घालत होती. माय ऐकू येणारा कान तिच्याकडे करून बसली होती, मान हलवत.

पास्टर आले. मी त्यांना इतकं चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "हा निकाल नाही, नाना! देवाला तुमचा हात जाळायचा नव्हता, एवढंच. दंड नको म्हणाला तो. तुम्ही निर्दोष आहात असं नाही म्हणाला."

"गुन्हा असता तर जळाला असता."

"गुन्हा होता! असून नाही जळाला. यालाच कृपा म्हणतात!"

"तुम्हीच म्हणायचात ना, फेड झाली, कायदा राहिला नाही?" नाना शांतपणे म्हणाले. "आता नाही राहिला."

"मोकळं केलं ते मारायला नाही केलं."

नानांनी चहाचा कप पुढे सरकवला. "घ्या पास्टर. गार होतोय."

त्याच आठवड्यात त्यांनी मायला पुन्हा मारलं. भाकरी करपली म्हणून. यावेळी नंतर पश्चात्ताप नाही, काही नाही. हात धुऊन जेवायला बसले. मी मध्ये पडले तर म्हणाले, "तू तर होतीस तिथे. तू पाहिलंस." माझ्याच डोळ्यांची साक्ष काढली त्यांनी. आणि मी खरंच पाहिलं होतं.

माय भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटला होता. तिने पदराने तो पुसला, आणि भांडणाचा सूर अजिबात नव्हता, खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं, "तुम्हना हात वाचाडा देवनी. मंग मन्हा कान काबर नही वाचाडा?"

तुमचा हात वाचवला देवाने, मग माझा कान का नाही वाचवला.

नानांच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात ठेवला. उठून बाहेर गेले, आणि ओट्यावर त्यांचा आवाज ऐकू आला. रडण्याचा म्हणता येणार नाही. उलटी होताना येतो तसा.

त्यानंतर नानांनी मायला मारलं नाही. पण हे ऐकून कुणी "हालेलुया" म्हणू नका. राग गेला नव्हता. तो तसाच यायचा, रोज, शेवटपर्यंत. राग आला की नाना मटकन खाली बसायचे आणि उजवा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून धरायचे. कपाळाची शीर उडायची, दात करकरायचे. आम्ही त्यांच्यासमोर जेवत असायचो आणि तो माणूस स्वतःच्या हातावर बसलेला असायचा. उपास नाही, खडी नाही, दंड नाही. पास्टर एकदा म्हणाले, आता कुठे नानांची लढाई सुरू झाली. मला तरी त्यात कधी विजय दिसला नाही. उद्या परत तेच.

पुढे नानांना दम्याने धरलं. रंगखात्यातल्या पुष्कळांना धरतो. तोवर मी बारडोलीला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले होते, दोघांना तिथेच घेऊन गेले. एका दुपारी माय त्यांना पेज भरवत होती. नाना म्हणाले, मला माफ केलंस का? माय म्हणाली, कधीच केलं. आणि तिने ते खरं सांगितलं, मी तिला ओळखते. नानांनी तिच्या गालाला लावायला उजवा हात उचलला. हळूच. त्या हातात तेव्हा वाटी धरायचीसुद्धा ताकद नव्हती.

माय दचकून मागे सरली. पेज सांडली. तिने स्वतःच "अगं बाई" म्हटलं, हसली, परत पुढे सरकली, गाल पुढे केला... पण नानांनी हात केव्हाच मांडीखाली घातला होता.

महिन्याभरात नाना गेले. माय माझ्याकडे असते. आजही मी तिच्या डाव्या बाजूने जरा घाईने गेले की तिचा खांदा आपोआप वर येतो. उकळत्या रंगातून तो हात थंडगार कसा निघाला, याचं उत्तर कुणाकडे असेल तर जरूर लिहा. माय का दचकते, ते विचारायची गरज नाही.