आठ आणि आम्ही दोघं

हायमकाकांचं बोट बाबांपाशी आलं आणि तसंच पुढं सरकलं. मग माझ्यापाशी आलं. माझ्यावरूनही सरकलं.

"दोन कमी पडतात," हायमकाका म्हणाले. "पुण्याची शटल आली का बघा कुणीतरी."

हॉलमध्ये आम्ही दहा पुरुष होतो. आठ ते. आणि आम्ही दोघं, बाबा आणि मी.

मी त्याच महिन्यात तेरा वर्षं पूर्ण केली होती. आमच्यात तेराव्या वर्षी मुलगा पुरुष होतो, प्रार्थनेच्या माणसांत धरला जातो. बाबांनी मला पांढरा सदरा शिवून आणला होता. तो घालून मी छाती पुढं काढून उभा होतो. बोट माझ्याकडे यायला लागलं तसा मी श्वास धरला. ते निघून गेलं तरी मी श्वास धरूनच उभा. गाढव!

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. रेल्वेच्या नोकऱ्यांमागे काही घरं दौंडला आली. नव्वदच्या सुमाराला त्यातली मोजकीच उरली होती. बाकीची इस्राएलला गेली. दौंडात सिनेगॉगची, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराची, इमारत नव्हती. हायमकाका निवृत्त मेल ड्रायव्हर. त्यांच्या बंगल्याचा पुढचा हॉल हेच आमचं सिनेगॉग. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची. पडद्यामागं एक कपाट, त्यात तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी.

पावसाळा सरला की आमचे मोठे सण. आधी नव्याचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण. मग दहाव्या दिवशी दारफाळणीचा. वर्षभराच्या पापांची माफी मागायचा दिवस. दारं बंद करायची, पांढरे कपडे घालायचे, संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. देव त्या दिवशी कुणाचं काय करायचं ते ठरवतो म्हणतात. हायमकाकांनी देवाच्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

दहा पुरुष जमल्याशिवाय आमच्या मोठ्या प्रार्थना म्हणता येत नाहीत. आणि माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, अशी रीत. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. एकेका माणसाकडे बोट करत त्यातला एकेक शब्द म्हणायचा. दहावा शब्द पडला की सुरुवात. हायमकाका आठव्या शब्दाला थांबले. उरलेले दोन शब्द त्यांनी पुण्याहून येणाऱ्या दोघांसाठी तोंडात तसेच धरून ठेवले.

सणाच्या दिवशी गाडीत बसणं आमच्यात पाप. आणि तो तर दारफाळणीचा दिवस, म्हणजे महापाप. ते पाप चाललं. पुण्याचे दोघं शटलनं आले, घाम पुसत आत बसले, आणि दहावा शब्द पडला. त्यातला एक जण दुपारभर खुर्चीत घोरत होता. पण तो मोजला गेला होता. बाबा सगळी प्रार्थना तोंडपाठ म्हणत होते, दाराशी उभं राहून.

घरी आल्यावर मी विचारलं, आपल्याला का नाही धरलं. बाबांनी चपला काढल्या, नीट भिंतीला लावून ठेवल्या. मग म्हणाले, "आपण काळे."

आमच्यात गोरे आणि काळे असतात. कातडीचा संबंध नाही. हायमकाका बाबांपेक्षा दोन छटा सावळे होते आणि तरी गोरे. माझी पणजी शिरूर तालुक्यातल्या धनगराची. मेंढरांमागं हिंडणारी. पणजोबांनी तिच्याशी लग्न केलं. तिला रीतसर धर्मात घेतलं, भीमेत बुडी दिली, तिनं मरेपर्यंत शनिवारी चूल पेटवली नाही. पण त्याचा कागद नव्हता. कागद नाही म्हणून ती खरी नाही. ती खरी नाही म्हणून तिचा मुलगा खरा नाही, नातू खरा नाही, मी नाही. चार पिढ्या झाल्या. मेंढराचा वास काही त्यांच्या नाकातून गेला नाही.

कामाला मात्र आम्ही खरे होतो. सणाआधी हॉलला चुना बाबांनी मारायचा. दिवे बाबांनी घासायचे. वाती, तेल, खुर्च्या, सतरंज्या सगळं बाबांकडे. दिवसभर डिझेल शेडमध्ये फिटरचं काम करून यायचे आणि शिडीवर चढायचे. तोराच्या कपाटाचा पडदा आई धुवायची. धुतलेला पडदा लावायला मात्र हायमकाका. बाबांनी हात लावायचा नाही. प्रार्थना संपली की एकमेकांचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावायची आमची पद्धत आहे. शांती अशी हायमकाकांपासून निघून एकेकापर्यंत पोचते. आमच्यापर्यंत येता येता ती दरवर्षी संपायची.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. दारफाळणीचीच दुपार. उपासानं सगळे मलूल. अशा वेळी हायमकाका त्यांची गोष्ट सांगायचे. ते तरुणपणी इस्राएलला गेले होते आणि तीन वर्षांत परत आले. का आले, तर तिथल्या ऑफिसातल्या एका पोरगेल्या साहेबानं त्यांना विचारलं, तुमची आजी ज्यू होती याचा कागद दाखवा.

"मी त्याला म्हटलं," हायमकाका सांगायचे, "माझी आजी शनिवारी चूल पेटवत नव्हती. हाच माझा कागद. आणि मी निघालो. ज्या दारात आजीचा कागद मागतात, तिथं मी उभा राहणार नाही."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. बाबासुद्धा दाराशी डोळे पुसत होते. दर वर्षी पुसायचे. त्या वर्षी मी बाबांकडे बघितलं.

मी म्हणालो, "काका, माझ्या पणजीचाही कागद नाही. तीही चूल पेटवत नव्हती."

हायमकाकांनी डोळे पुसले, चष्मा लावला.

"त्यात आणि ह्यात फरक आहे, बेटा," ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात.

बाबांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. फाटकाशी आल्यावर मला वाटलं, आता मारतात. त्यांनी मारलं नाही. हात जोडले. बापानं पोरापुढं हात जोडले.

"मला तिथनं काढू नको रे," ते म्हणाले. "एक ना एक दिवस धरतील ते. माणसं कमी होतायत. कुणीच उरणार नाही, तवा धरतील."

ही होती माझ्या बापाची आशा. आपली माणसं संपतील, आणि मग त्यांत आपली गिनती होईल. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा राग आला.

पुढं मी आयटीआय केलं आणि कारेगावला राहायला गेलो. रांजणगावच्या कंपन्या नव्या निघाल्या होत्या. एका खोलीत चौघं. माझा शिफ्टमधला जोडीदार मिलिंद, शिरूरचा, बौद्ध. एकदा सणाची सुट्टी मागताना सुपरवायझर म्हणाला, हा कसला सण, कॅलेंडरात नाही. मिलिंदनं नंतर विचारलं. चहा पिता पिता मी सगळं सांगितलं. मोजणी, बोट, काळे, गोरे.

"आरं तिच्या," मिलिंद म्हणाला, "तुमच्यातबी हाय व्हय ह्ये?"

"हाय."

तो आधी हसला. पोट धरून हसला. मग कप खाली ठेवला.

"माझ्या आज्याला पंगतीत लांब बसवायचे," तो म्हणाला. "एक दिस त्यो भरल्या ताटावरनं उठला. उपाशी गेला, पर परत बसला न्हाई. आन् तू? तू अजून वाढायची वाट बघतुयास."

मला झोंबलं. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. खरं बोलणाऱ्यावर आधी राग येतो, तसा आला.

आणि मग ते वर्ष आलं. बाबा निवृत्त झालेले, साखर वाढलेली, डॉक्टरनं उपास करू नका म्हणून सांगितलेलं. त्यांनी केला. मी रजा टाकून त्यांना धरून घेऊन गेलो. हॉलमध्ये बरेच चेहरे नवे होते, आसपासच्या गावांतून गोळा केलेले. तरी आठच. पुण्याचे दोघं सकाळी आले नाहीत. दुपारीही नाहीत. सकाळच्या मोठ्या प्रार्थना तशाच राहिल्या. शेवटची प्रार्थना, देवाची दारं बंद होतानाची, ती उरली. ऊन भिंतीवरून उतरत चाललं होतं.

हायमकाका उठले. दाराशी आले. आयुष्यात पहिल्यांदा ते दाराशी आले.

"पुढं ये," ते बाबांना म्हणाले. "पोरालाही घे. आजची वेळ तशी आहे. पण हे ह्या हॉलच्या बाहेर जाता कामा नये. आणि तोराचं कपाट उघडलं की दोघं मागं सरका."

त्यांचं बोलणं संपायच्या आत बाबा निघाले होते. भिंतीचा आधार सोडून, माझा हात सोडून. ज्या माणसाला सकाळी जिना चढवत नव्हता तो ताठ चालत गेला. रांगेत उभा राहिला. प्रार्थनेच्या शालीची टोकं सारखी केली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

मीही गेलो. शेजारी उभा राहिलो.

हायमकाकांनी वचन सुरू केलं. एक शब्द, एक माणूस. आठवा शब्द पडला. नववा शब्द त्यांनी बाबांवर म्हटला. हळू म्हटला, पण म्हटला. बाबांच्या तोंडून हुंदका निघाला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझा बाप माणसांत आला होता.

बोट माझ्याकडे वळलं.

"थांबा," मी म्हणालो.

"आता काय?"

"आधी एक वाक्य म्हणा, काका. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. हे दोघं दहांत आहेत, आज, उद्या आणि कायम. एवढं म्हणा. मग मला मोजा."

"अटी घालतोस? आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी."

"ऊन चाललंय," कुणीतरी कुजबुजलं.

बाबांनी माझी बाही धरली. "उभा राहा," ते म्हणाले. "माझ्यासाठी उभा राहा. एकच शब्द राहिलाय रे."

मला उभं राहता आलं असतं. काय जाणार होतं माझं? पाच मिनिटांचं काम. बाप सुखानं घरी आला असता. पण दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा काळेच झालो असतो. चोरून दिलेलं चोरून परत घेतलं असतं, आणि दिलं होतं म्हणून आम्ही त्यांचे आभार मानले असते. मी हायमकाकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. एक वाक्य. त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

"मग राहू दे," ते शेवटी म्हणाले. "प्रार्थना नाही झाली तरी चालेल." आणि बाबांकडे वळून, "तूही मागं जा."

बाबा मागं गेले. दाराशी जाऊन उभे राहिले. शेवटची प्रार्थना त्या वर्षी झाली नाही. ज्यांना आम्ही चालत नव्हतो त्यांना देवाशिवाय चाललं.

घरी आलो तेव्हा उपास सुटायची वेळ झाली होती. आईनं सरबत पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही.

"त्यांनी दिलं होतं," ते मला म्हणाले. "तू काढून घेतलंस."

ते खरं आहे. मी ते नाकारत नाही. हायमकाकांनी माझ्या बापाला आयुष्यभर बाहेर ठेवलं, पण त्या दिवशी रांगेतून त्यांना परत पाठवायला मीही कारण होतो. पुढं दोन वर्षं ते जगले. दोन्ही वर्षी त्यांनी हॉलला चुना मारला. माझ्याशी कामापुरतं बोलले. मला माफ न करता गेले.

ते गेल्यावर महिन्याभरानं हायमकाका कारेगावला माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. माझी बायको इथलीच, धनगराची. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो न पिता खिडकीत सरकवला.

"तुझ्या बापासाठी कद्दीश म्हणायचंय," ते म्हणाले. मेलेल्यांसाठीची आमची प्रार्थना. तिलाही दहा लागतात. "कसेबसे नऊ झालोत. तू ये."

"ते वाक्य म्हणता?"

"बापासाठीसुद्धा अट?"

"बापासाठीच."

"लाज वाटते का काही? बाप मेलाय तुझा."

"मेलेल्याला तरी धरा," मी म्हणालो. "म्हणा, तो दहांत होता."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हातारे झाले होते. मला वाटलं म्हणतील. मग काठी टेकत उठले आणि रिक्षाकडे चालू लागले.

दारफाळणीचा उपास मी आजही करतो. कारेगावच्या घरी, एकटा, पांढरे कपडे घालून. कद्दीशही म्हणतो. एकट्यानं ते म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. दौंडहून दर वर्षी निरोप येतो, माणसं कमी पडतायत, ये. मी दर वर्षी तेच वाक्य परत पाठवतो, त्यातला एक शब्दही कमी न करता. हायमकाका गेले तरी अट राहील. मी गेलो तर माझी मुलगी सांगेल. तिला ती पाठ आहे.