सीनेवरची सकाळ

दादाचा फोन आला तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. "विमल, तुझी वहिनी गेली गं..." एवढंच तो म्हणाला. याला आता महिना उलटून गेला. वहिनी आठवल्या की मला सीना नदीवरची एक सकाळच आठवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते, दादा सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. चन्नव्वावहिनी कानडी सीमेजवळच्या मैंदर्गीच्या, एरवी मराठी बोलत, रागावल्या की कानडी. त्यांची पहिली मुलगी बारशाआधीच गेली. नाव नव्हतं, म्हणूनच की काय, घरात तिचा विषय कुणी काढला नाही. "हुईल की पुन्ना," म्हणून बायका निघून गेल्या. वहिनी भाकऱ्या थापत, पाणी भरत, पण त्यांचं बोलणंच थांबलं. ना मराठी, ना कानडी. दादाला काही सुचेना. एका मासिकातलं चित्र बघून त्यानं बांबूच्या कामट्या वाकवल्या, वर ताडपत्री ताणून डांबर फासलं आणि दोघांपुरती अरुंद होडी तयार केली. तो तिला 'कयाक' म्हणायचा. आई म्हणाली, "येड लागलंय पोराला."

थंडीतल्या एका रविवारी होडी बैलगाडीत घालून आम्ही तिघं नदीवर गेलो. पाणी संथ, वर विरळ धुकं. दादा पुढं बसला, मी मागं. दोन्ही टोकांना पाती असलेलं ते वल्हं तो असं काही मारी, की होडी जागीच गिरक्या घेई. शेवटी तो कमरेएवढ्या पाण्यात पडला. काठावर बसलेल्या वहिनी उठल्या, पदर खोचला. "सरा, मी बसते," दादाला म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य! त्यांना तरी कुठं येत होतं? पण दोन-चारदा चुकत चुकत हात बसला आणि आम्ही निघालो. बऱ्याच आत गेल्यावर त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. माझ्याकडं पाठ होती.

"विमल, तिचं नाव मी गौरा ठेवलं होतं. मनातल्या मनात... कुणी इचारलंच न्हाय की."

मग त्या रडल्या, मोठ्यानं, मोकळ्यानं. मी पाठीवर हात ठेवून बसले. होडी आपली हळूहळू वाहत राहिली. काठावरून दादा ओरडत होता, "काय झालं गं? माघारी फिरा!"

काठाला लागल्यावर त्या दादाला म्हणाल्या, "अहो, आपल्या पोरीचं नाव गौरा." दादा ओल्या कपड्यांत कुडकुडत उभा होता. "गौरा," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. आणि तिथंच वाळूत बसून हुंदके द्यायला लागला. इतके महिने तोही कुणाशी यातलं अक्षर बोलला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

पुढं त्यांना दोन मुलगे झाले. पण मुलं किती, असं कुणीही विचारलं की वहिनी सांगत, "तीन. थोरली मुलगी." लग्नघरात सांगत, शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितलं. परवा समाचाराला आलेल्या एका बाईंनी दादाला तेच विचारलं. दादानं सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं... याचं उत्तर नेहमी तिकडून वहिनी देत.

"तीन," मग तोच म्हणाला. "थोरली गौरा."