करंजाखालचा झरा

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. तेवढ्यानं लिहिण्याचा अधिकार येत नाही, हे मला माहीत आहे. हे लिहितो आहे तेही स्वतःची एक चूक सांगण्यासाठी. वाचणाऱ्यांनी धिटाईबद्दल माफ करावं.

आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते आणि माणसं व म्हशी एकाच डोहात उतरतात. वाळूतून झिरपलेलं पाणी स्वच्छ होतं, असं त्या वर्षी मी बेळगावला कॉलेजात वाचलं होतं. सुट्टीत घरी गेलो आणि काठावरच्या करंजांखाली, वाळूत, एक झरा खणला. गुडघाभर खोलीवर नितळ पाणी लागलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, बघत उभे होते. "हितं माणसं परसाकडं बसत्यात रं," ते म्हणाले.

"वाळू समदं गाळून घेती, आप्पा. पुस्तकात हाय."

आप्पांना अक्षरओळख नव्हती. पुस्तकाचं नाव निघाल्यावर त्यांनी ते मानलं, आणि झऱ्याचं पाणी चांगलं म्हणून त्यांनीच आळीभर सांगितलं. बायका पोरांना घेऊन तिथं अंघोळीला येऊ लागल्या. एकीनं मला झरेवाले डॉक्टर असं नाव ठेवलं. ते मला आवडलं, हे कबूल करतो.

आक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा माहेरी आली होती. तिची चार वर्षांची मुलगी ओल्या वाळूत पाय पुरून खोपे करायची आणि तीच बोटं तोंडात घालायची. मी बेळगावला निघालो त्या दिवशी तिला जुलाब लागले होते, पायांवर पुरळ उठलं होतं. उन्हाचं असेल, असं आक्का म्हणाली. मीही तेच म्हणालो.

बेळगावात मन लागेना. शेवटी शास्त्राच्या मास्तरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. झऱ्यावर ऊन येतं का, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वसतिगृहामागच्या मोरीजवळची ओली वाळू पाण्यात खळबळून त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थेंबात बारीक जीव वळवळत होते.

"स्वच्छ वाळू पाणी गाळते," ते म्हणाले. "घाण झालेली वाळू जंतू सांभाळून ठेवते. ओली आणि सावलीतली असली तर फारच."

घरी कार्ड लिहायला बसलो. गावात आलेलं कार्ड शाळेचे मास्तर कट्ट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. माझी चूक आळीला ऐकू जाणार होती. त्या भीतीनं मी दोन कार्डं फाडली. तिसऱ्यावर लिहिलं: माझं चुकलं, झरा बुजवा, पोरीला उकळलेलं पाणी द्या.

बारा दिवस उत्तर नव्हतं. पोस्टमन दिसला की मी खोलीत जाऊन बसायचो. तेराव्या दिवशी शाळेच्या मास्तरांच्या अक्षरातलं कार्ड आलं. पोर फार अशक्त झाली होती, पण आता उठून बसते, कण्या खाते. पायांच्या खपल्या अजून आहेत. झरा आप्पांनी एकट्यानं बुजवला आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या.

खाली आप्पांनी सांगून लिहवलेली ओळ होती: "सुट्टीला आलास की नवी जागा बघू. दोघं मिळून."