पायरीशी ठोकलेली खुंटी

आमच्या बंदरावर नवा चकचकीत धक्का होणार म्हणून मोजणीवाल्यांनी लाल खुंट्या ठोकल्या. जिथे खुंटी, ते दुकान पाडणार. एक खुंटी दत्तारामशेटच्या दोरखंडांच्या दुकानाच्या पायरीशी आली. आता आमचे खलाशी असे, की जमिनीत दात कोरायची काडी रोवली तरी तिला गलबत बांधतील! त्यातल्या इब्राहिमने सवयीने खुंटीला होडी बांधली. ओहोटीने होडीला असा हिसडा दिला, की खुंटी उखडून अरबस्तानच्या वाटेला लागली.

"शेट, दुकान वाचलं! पेढे काढा!" मी शेजारच्या माझ्या दुकानातून ओरडलो. अख्खं बंदर हसलं. खेकडेसुद्धा पोट धरून हसले.

शेट हसला नाही. मांडीभर चिखलात उतरून त्याने खुंटी शोधून आणली आणि हातोडी घेतली.

"साहेबांना वाटेल, मीच काढली. मग उद्याच पाडायला येतील रे."

वादळात अर्धा समुद्र पिऊन परतलेला मी, पण त्या ठोक्यांना मी दोन पावलं मागे सरकलो. भीती माणसाकडून काय काय करून घेते!

"जागा हीच होती ना?" शेटने विचारलं.

आपापल्या दुकानाच्या बिनखुंटीच्या पायरीकडे बघत आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.